मसाल्याच्या खोलीतली हवा

माझ्या सासूबाईंना माझी नोकरी कधी नीट समजली नाही आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, सूनबाई हवेच्या कंपनीत आहे. ऐकणाऱ्याला वाटायचं की मी विमानात काम करते, नाहीतर फुगे विकते. खरं म्हणजे हॉटेलांची स्वयंपाकघरं, कारखाने, दवाखाने अशा ठिकाणी हवा साफ करणारी यंत्रं मी बसवून देते. माझे निम्मे दिवस इंदूरबाहेर पिथमपूर आणि सांवेर रोडच्या कारखान्यांत जातात. दिवसभर दुसऱ्यांच्या छतावर चढून त्यांच्या धुराचे पाइप तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन खोकायचं, असं माझं बरीच वर्षं चाललं होतं. कारण सुदामा नगरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत सासूबाईंचा मसाल्याचा उद्योग होता.

गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी. पाटी नाही, जाहिरात नाही. जुन्या इंदुरातली मराठी घरं ठरलेली. भंवरकुआंला होस्टेलात राहून परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं मेतकूट न्यायची. आणि ज्यांची मुलं नोकरीला पुण्याला गेली ते आईवडील तर डबेच्या डबे बांधून घ्यायचे. इंदूरचा गोडा मसाला पुण्याला जातो हे मी माहेरी साताऱ्याला सांगितलं तेव्हा माझ्या आईने चेहरा असा केला की जणू तिचाच कुणी अपमान केला. पैशांची गरज होती म्हणून सासूबाई हे करत होत्या असं नाही. सासऱ्यांची पेन्शन येत होती, माझा नवरा बँकेत, मी नोकरीत. पण मसाला केला नाही असा आठवडा त्यांना आठवत नव्हता.

त्यांची भाजायची पद्धत मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ते नाटक वाटलं होतं. कढईसमोर बसायच्या, कालथा हलवायला लागायच्या आणि डोळे मिटायच्या. धने, तीळ, खसखस, खोबरं, दगडफूल, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. प्रत्येकाची उतरवायची वेळ वेगळी, आणि ती वेळ त्या फक्त वासावर ठरवायच्या. हे त्यांना त्यांच्या सासूने शिकवलेलं. रंग बघून भाजणाऱ्या बायकांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. ‘आँखों से भूनते हैं,’ असं त्या कुणाबद्दल म्हणाल्या की त्या बाईचा निकाल लागला म्हणून समजायचं. मी गंमत म्हणून त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली आणि एकदा मीच कढईशी बसले. त्या पुढच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होत्या. बोलणं न थांबवता मध्येच म्हणाल्या, अगं, खसखस उतरव. मी बघितलं तर खसखस अगदी हवी तशी झाली होती. त्यानंतर मी परीक्षा घेणं सोडून दिलं.

मग त्यांचा खोकला सुरू झाला. आधी फक्त भाजायच्या दिवशी, मग दुसऱ्या दिवशीही, मग रोजच. छातीच्या डॉक्टरांनी त्यांना एका नळीत जोरात फुंकायला लावलं, कागदावरची रेघ बघितली आणि विचारलं की घरी कसला धूर असतो. मी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, धूर आणि बारीक पूड रोज छातीत जातेय, खोलीतली हवा बदला, नाहीतर हे काम बंद करा. गाडीत बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘काम बंद केलं तर सकाळी उठून मी करायचं काय?’

मला त्यांचा एरवी पुष्कळ वेळा राग येत असे. त्या दिवशी मात्र आला नाही. मी ठरवलं की इतक्या हॉटेलांच्या भटारखान्यांची हवा मी साफ करते, तर एका खोलीची का होणार नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे भिंतीत मोठा पंखा लावून हवा बाहेर फेकणं. ते केलं. पण आमच्या गल्लीत घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. आमच्या मागच्या भिंतीसमोर मागच्या घराच्या झोपायच्या खोलीची खिडकी. पहिल्याच मिरच्यांच्या दिवशी त्या घरातल्या भाभीजी आल्या. इंदुरात लोक भांडायलाही ‘जी’ लावून येतात. त्यांनी सासूबाईंच्या मसाल्याची आधी भरपूर तारीफ केली, चहा घेतला आणि मग सांगितलं की आंटीजी, मसाला तुमच्याकडे राहतो आणि खोकला आमच्याकडे येतो. त्यांचं काही चूक नव्हतं. पंखा बंद झाला.

मग मी ऑफिसातून फिल्टरचा डबा आणला. हवा त्यातून गाळून बाहेर सोडायची. एक दिवस फार छान चाललं. पण सुक्या खोबऱ्याचं तेल, तिळाची टरफलं आणि धन्याची पूड यांचा त्या जाळीवर असा काही लगदा बसला की पंखा नुसता गुरगुरायचा आणि हवा पुढे सरकायची नाही. ओलं पीठ चाळणीला चिकटलं की चाळण कितीही हलवा, खाली काही पडत नाही, तसंच. खोलीची भट्टी झाली. सासूबाई घामाने भिजल्या आणि त्यांनी वैतागून दार उघडलं. सगळा धूर पुढच्या खोलीत, तिथून जिन्याने वर. नवऱ्याने वरून विचारलं की आग लागलीय की मसाला चाललाय. फिल्टर बदलला की पुन्हा तेच. जाळी बारीक घेतली तर हवा अडते, जाळी मोठी घेतली तर धूर निघून जातो आणि पुन्हा भाभीजी चहाला येतात.

शेवटी मी विजेवर चालणारं यंत्र लावलं, जे आम्ही हॉटेलांत लावतो. ऑफिसात दाखवायला ठेवलेला एक जुना छोटा नमुना होता, तो साहेबांच्या मागे लागून मागून आणला. सासूबाईंना समजावताना मी केसांवर फणी घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले. सांगितलं की यात पुढे बारीक तारा आहेत. त्यांच्यामधून हवा जाते तेव्हा धुराच्या आणि पुडीच्या कणांवर विजेचा भार चढतो. मागे पत्र्याच्या पट्ट्या अंतर सोडून उभ्या आहेत. भार चढलेले कण जाऊन त्या पट्ट्यांना चिकटतात आणि हवा मधल्या मोकळ्या जागेतून तशीच पुढे निघून जाते. वाटेत जाळी नाही, कापड नाही, त्यामुळे हवा अडायचा प्रश्नच नाही.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, म्हणजे आपली कचरागाडी. गल्लीतून जाते, गल्ली बंद करत नाही, कचरा तेवढा घेऊन जाते. इतकी वर्षं मी ग्राहकांना चित्रं काढून जे समजावत होते ते त्यांनी गाडीत बसवून टाकलं. ते मी पुढे ऑफिसात वापरलं आणि चांगलं चाललं.

यंत्र खरंच चांगलं चाललं. खोलीत हवा खेळती राहिली, भाभीजींच्या खिडकीत धूर गेला नाही. आठवड्याने मी पट्ट्या काढून गरम पाण्यात सोडा घालून धुतल्या. काळपट तपकिरी चिकट राड सुटली. सासूबाई शेजारी पाटावर बसून बघत होत्या. आधी त्यांना हळहळ वाटली की यात किती खसखस वाया गेली. मग थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, हे सगळं माझ्या आत जात होतं का. मी हो म्हटलं. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि उठून गेल्या. त्यांचा खोकला हळूहळू कमी झाला. पुढच्या वेळी डॉक्टरांच्या नळीत त्यांनी चांगलं फुंकलं आणि मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले, ज्याची काही गरज नव्हती.

मग जुन्या इंदुरातून फोन आला. तिथले एक निवृत्त शिक्षक आमचे फार जुने गिऱ्हाईक. त्यांनी अतिशय संकोचाने सांगितलं की यावेळी खोबरं जरा करपल्यासारखं वाटतंय. सासूबाईंनी माफी मागून दुसरा मसाला पाठवला. त्यानंतर आणखी एकीने कळवलं की धने कच्चे लागताहेत. सासूबाईंच्या मसाल्याबद्दल अशी तक्रार मी त्या घरात आल्यापासून ऐकली नव्हती. दोन दिवसांनी जेवताना त्यांनी निकाल दिला, ‘तुझी मशीन खुशबू खाऊन जाते.’

मी लगेच यंत्राच्या बाजूने उभी राहिले. ते माझ्या रक्तातच आहे. मी सांगितलं की यंत्र धूर पकडतं, पूड पकडतं, वास त्यातून निघून जातो, आणि कढईजवळ बसलेल्या माणसाच्या नाकाशी तर तो आधी पोचतो. त्या म्हणाल्या की ते सगळं ठीक, पण आधी येत होती ती आता येत नाही. अशा यंत्रातून थोडा ओझोन सुटतो, फोटोकॉपीच्या दुकानात येतो तसला वास. नवऱ्यालाही तो एकदोनदा आला होता. ओझोन जास्त झाला तर छातीलाही वाईट आणि वासाचाही घोटाळा करू शकतो. म्हणून मी ऑफिसातून मोजायचं उपकरण आणलं. आकडा मर्यादेच्या आतच होता. तरी मी यंत्राचा विजेचा दाब कमी केला, यंत्र कढईपासून लांब सरकवलं. सासूबाईंना विचारलं की तो फोटोकॉपीसारखा वास आता कमी वाटतो का. त्या म्हणाल्या, मला तर तसलं काही कधी आलंच नाही. मला वाटलं, चला, म्हणजे यंत्रात काहीच खोट नाही. इतकंच माझ्या डोक्यात आलं, दुसरं काही नाही.

तक्रारी थांबल्या नाहीत. आणि एका रविवारी पट्ट्या धुवायला काढल्या तर पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं. हे काम करणाऱ्या माणसाला स्वच्छ पट्टी बघून आनंद होत नाही. आठवडाभर खोलीत मसाला भाजला गेला होता, तो मी खाल्लाही होता, मग ती घाण गेली कुठे. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. भाजायच्या वेळी त्या यंत्र बंद करायच्या आणि मी घरी यायच्या आधी पुन्हा चालू करून ठेवायच्या. मधल्या दिवसांत त्यांचा खोकला परत आला होता, तो का, हेही कळलं.

त्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. मी म्हटलं की तुमची छाती खराब होतेय आणि तुम्ही पोरासारखं बटण बंद करताय. त्या म्हणाल्या, ‘मसाला खराब होऊन जाईल तर छाती संभाळून मी काय करू, बेटा?’ बेटा म्हणाल्या म्हणून मी आवाज खाली आणला.

यंत्र बंद केलं तरी पंखा खुशबू उडवून लावतो, असं त्यांचं म्हणणं होतं, म्हणून आम्ही ठरवलं की एक घाणा यंत्र बंद ठेवून, पंखाही बंद ठेवून भाजायचा. खोबरंच भाजायचं, कारण त्यातच सगळ्यात जास्त बिघडत होतं. मी खोलीत यायचं नाही, काही सांगायचं नाही. खोबरं नीट झालं तर यंत्र काढून मी ऑफिसात परत देणार आणि दुसरं काहीतरी शोधणार. बाहेरून मी तोऱ्यात होते, पण आतून धास्ती होती की त्या बरोबर असाव्यात. तसं असतं तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

सुट्टीचा दिवस होता. सकाळचे पोहे झाले आणि त्या मागे गेल्या. मी पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसले. वास यायला लागला. आधी गोडसर, ओला. मग तो पक्का झाला. इतकी वर्षं त्या घरात काढल्यावर तेवढं मलाही कळत होतं. मला वाटलं, आता उतरवतील. कालथ्याचा आवाज चालूच होता. वास पुढे गेला, कडवट झाला. मी हातातला शर्ट तसाच धरून बसले. मला वाटलं, त्या मुद्दाम करताहेत की काय, मला काही दाखवायला. मग धूर दारातून बाहेर आला आणि मी पळत गेले.

त्या कढईसमोर पाटावर बसल्या होत्या. डोळे मिटलेले, डोळ्यांतून पाणी येत होतं, हात चालू होता. कढईत खोबऱ्याचा कोळसा झाला होता. चेहरा अगदी शांत होता. मी गॅस बंद केला. त्यांनी डोळे उघडले आणि जरा रागावूनच म्हणाल्या, ‘बंद का केलंस? अजून खुशबू आलीच नाही.’

त्यांनी खाली कढईत बघितलं. मग भिंतीवरच्या यंत्राकडे बघितलं.

‘मशीन बंद आहे ना?’

‘बंद आहे, आई. पंखा पण.’

त्यांना खोकल्याची उबळ आली. ती गेल्यावर त्यांनी फळीवरून हिंगाची डबी काढली, झाकण उघडलं, नाकाशी धरली. मग ती माझ्यापुढे केली आणि विचारलं की याला वास आहे का. डबी माझ्यापासून हातभर लांब होती आणि तरी हिंग माझ्या कपाळात चढत होता. मी मान हलवली. त्यांनी झाकण लावलं, घट्ट दाबलं, डबी होती तिथे ठेवली.

‘म्हणजे मशीन नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मीच.’

आयुष्यात त्या एकाच वेळी मला वाटलं की माझं यंत्र चुकीचं निघालं असतं तर किती बरं झालं असतं. यंत्र बदलता आलं असतं.

नाकाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं. म्हणाले, वर्षानुवर्षांचा धूर असेल, एखादा ताप होऊन गेला असेल, वयही असेल, नक्की सांगता येत नाही. परत येईल का, तर तेही सांगता येत नाही, फार आशा धरू नका. सासूबाईंनी घरी आल्यावर गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं की हात दुखतोय, काही दिवस मसाला होणार नाही. मग त्या सकाळी उठायच्या, अंघोळ करून केस विंचरायच्या आणि पुढच्या खोलीत येऊन बसायच्या. जेवणात मीठ किती, तिखट किती, कशाबद्दलच बोलायच्या नाहीत. मी एक दिवस आमटी मुद्दाम अळणी केली, काहीतरी बोलतील म्हणून. त्यांनी मुकाट्याने जेवून ताट उचललं. घरात कुणी आजारी नसताना सगळं घर आजारी असल्यासारखं झालं.

मग एका सकाळी मी ऑफिसला निघाले होते तेव्हा मागच्या खोलीत यंत्राची बारीक घरघर ऐकू आली. ते त्यांनी स्वतः चालू केलं होतं. कढई चढवलेली, धने बाजूला घेतलेले. मला म्हणाल्या, पर्स ठेव आणि बस इथे, वास तू घे आणि मला सांग. मी ऑफिसात उशीर होईल असा निरोप पाठवला.

मला वासांबद्दल बोलता येत नाही हे मला त्या सकाळी कळलं. मी म्हटलं, छान येतोय. त्या चिडल्या. छान म्हणजे काय, ठीक से बोल ना, ओल्या गवताचा आहे की सुकलेल्या, नाकात बसतो की घशात उतरतो. मी अडखळत सांगत गेले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि प्रश्न विचारत होत्या. पहिले कितीतरी घाणे आम्ही फेकले. रंग मात्र त्यांनी बघितला नाही आणि मलाही बघू दिला नाही. आता रविवारी सकाळी आम्ही दोघी असं करतो. गिऱ्हाइकं परत आली आहेत. शिक्षकांनी फोन करून सांगितलं की आता पुन्हा पहिल्यासारखा झालाय. सासूबाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या की पहिल्यासारखा नाहीये, पण त्यांना बोलू दे. यंत्र कायम चालू असतं, पट्ट्यांवरची घाण मी धुते, खोकला पुष्कळ कमी आहे.

मागच्या आठवड्यात दुपारी आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो. गॅसवर काही नव्हतं, पट्ट्या धुवून उन्हात ठेवल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं की आता या घराला वास कसला येतो. मी लांब श्वास घेतला. खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण त्यांच्यासमोर वासाबद्दल खोटं बोलायची मला सवय नाही, रविवारी तीच तर माझी नोकरी आहे. पूर्वी भाजल्याचा तेलकट थर भिंतींवर, पडद्यांवर बसायचा आणि वास धरून राहायचा. आता यंत्र तो बसूच देत नाही. मी सांगितलं, कसलाच येत नाही, आई. हवा अगदी स्वच्छ आहे.

‘अच्छा,’ त्या म्हणाल्या. ‘मग तर अपन दोघी बराबर झालो.’

आणि त्या हसल्या. मला हसता आलं नाही.